खालच्या वाटेचं रक्त

माझ्या पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, एक तोंड आहे. शौचाला मी तिथून होते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे ज्याला किळस यायची त्यानं इथंच थांबावं आणि आपल्या कामाला लागावं. त्याच्यावर माझा राग नाही. किळस सगळ्यात आधी मलाच आली होती. पुढं सवय झाली.

मोठ्या लढाईचे दिवस होते. मालक पलटणीत होते, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी. घरात मी आणि सासू, दोघीच. कृष्णाकाठी थोडा ऊस, वर माळाला जोंधळा, सगळं भावकीतल्या एकाला वाट्यानं लावलेलं. दारात एक म्हैस. मला दोन पोरं झाली होती आणि दोन्ही तान्हेपणीच गेली होती. माझी तिशी अजून लांब होती, त्यामुळं पुन्हा होतील असं सगळे म्हणायचे. पोरं व्हायची राहिली बाजूला, मला शौचावाटे रक्त पडायला लागलं.

गावानं मूळव्याध ठरवली. वैद्यानं सुरण खायला सांगितला, खाल्ला. ताक प्यायला सांगितलं, प्याले. मिरची सोडायला सांगितली. आमच्याकडं मिरची सोडणं म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच विचारा, पण सोडली. वर्ष असंच गेलं. पाळी थांबली, अंगावर मांस राहिलं नाही, उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधार. शेवटी माझा भाऊ आला. माझ्याकडं एकदा बघितलं आणि सासूला म्हणाला, "हिला मी नेतो. बरी झाली तर तुमची, न्हाई झाली तर आमची." बैलगाडीनं स्टेशन, तिथून रेल्वेनं सांगलीकडं, मिशनच्या एका दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टरीणबाई गोऱ्या होत्या, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या. त्यांनी आतड्यातला सडका भाग कापून काढला. वरचं आतडं पोटावर आणलं आणि तिथं तोंड केलं. खालचा तुकडा, गुदद्वारापर्यंतचा, वरून शिवून बंद केला आणि आत तसाच ठेवला. तोही काढायला गेलो असतो तर तुम्ही टेबलावरच संपला असता, म्हणाल्या. कॅन्सर हा शब्द त्यांनीच मला सांगितला. आमच्या गावाला त्या शब्दाची ओळख नव्हती, आणि मी करून दिली नाही.

घरी निघताना त्यांनी मला समोर बसवलं. "खालच्या वाटेनं थोडा चिकट स्राव येत राहील. त्याला घाबरू नका. पण रक्त दिसलं तर लगेच निघून या, वाट बघत बसू नका. रोग परत आला असेल तर लवकर कळला पाहिजे." मी मान हलवली. त्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण मान हलवतो.

घरी आल्यावर सकाळ अशी सुरू व्हायची. न्हाणीत बसायचं, खुंटीला एनिमाचं भांडं टांगायचं, रबरी नळीनं पोटावरच्या तोंडातून कोमट पाणी आत सोडायचं आणि सगळं निघून जाईपर्यंत थांबायचं. एकदा धुऊन निघालं की दिवस बराचसा कोरडा जायचा. दवाखान्यानं रबराची एक वाटी आणि पट्टा दिला होता. पहिल्याच उन्हाळ्यात वाटीला चिरा पडल्या, आणि लढाईमुळं नवी कुठं मिळेना. मग जुन्या लुगड्याच्या घड्या आणि वरून मांजरपाटाचा रुंद पट्टा, नाड्यांनी आवळलेला. भोवतीची कातडी सोलून निघायची, तिला खोबरेल. त्या तोंडाला मी मनात घरजावई म्हणायची. फुकटचं खातो, पसरून बसतो, आणि चार माणसं जमली की नेमकं तेव्हाच त्याला बोलायचं असतं.

सासू वाईट नव्हती. नेमाची होती, आणि नेम तिनं केलेले नव्हते, तिला मिळालेले होते. "पोटावर घाण बांधून चुलीला हात लावायचा न्हाई," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. देव्हाराही बंद. म्हैस, शेण, झाडलोट, वैरण माझ्याकडं. भाकरी ती थापायची आणि मला जरा अंतरावरून वाढायची. मी तोंड वर करून भांडणारी बाई, पण त्यावर भांडले नाही. मलाही आपल्या हातची भाकरी खावीशी वाटत नव्हती तेव्हा.

भांडले दुसऱ्या गोष्टीवर. सासूनं मालकांसाठी दुसरी बायको बघायला घेतली. त्या वेळी त्यात गैर काही नव्हतं, घराला वारस नसला की पुरुषाचं दुसरं लग्न व्हायचंच. मालक पलटणीतून काय म्हणणार? आई म्हणेल तसं. मुलगी खानापूरच्या बाजूची, कोरड्या मुलखातली, सासूच्या लांबच्या नात्यातली. लढाईवर गेलेल्या माणसाला पोरगी द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिचा बाप आमच्या ओसरीवर बसून म्हणाला, "आक्का, सवतीवर पोरगी मी देणार न्हाई. आदीच सांगतो." सासू म्हणाली, "ती काय लय दिसांची सोबतीण न्हाई. तुमीच बगताय की तिच्याकडं."

मी दहा पावलांवर वैरण टाकत होते. सासूनं आवाज खाली केला नव्हता. माझ्यापासून लपवावं असं तिला त्यात काही वाटलंच नव्हतं. तो गेल्यावर मी म्हणाले, "आत्याबाई, मी मेल्यावर करा की. तोवर कळ काढा." ती म्हणाली, "तू मरावीस आसं मी म्हनत न्हाई गं. पर तू मरशील आसं दिसतंय, त्याला मी काय करू?" मी पेंढी आपटली म्हशीपुढं, म्हैस बिचारी दचकली.

आणि मग एका सकाळी खालच्या कापडाला रक्त दिसलं. लालभडक, स्रावात मिसळलेलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. मी ते कापड परड्यातल्या दगडावर धूत बसले होते, आता काय करायचं या विचारात, आणि मागं सासू कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"आली व्हय अडचण?" ती म्हणाली.

मी वर बघितलं. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. डोळे भरून आले होते तिचे. बाईच्या कापडाला रक्त म्हणजे एकच, दुसरं काही तिच्या मनाला शिवणारही नव्हतं. "देवीनं ऐकलं," ती म्हणाली. "खालची वाट चालू झाली. आता वरची आपोआप बुजंल बग. हिरीला दुसरीकडनं झरा फुटला की पैला आटतो."

हे असलं शास्त्र तिला कुणी शिकवलं देव जाणे. पण आपलं ते खरंच असणार अशा ठाम आवाजात ती बोलली, आणि मला, जिला सगळं माहीत होतं त्या मला, क्षणभर वाटलं की असेलही तसं. मी कापड पिळत राहिले. तिनं मला तिथूनच म्हशीच्या पडवीत बाजूला बसवलं. घोंगडं दिलं, तांब्या दिला. दुपारी खानापूरकडं जाणाऱ्या माणसाजवळ निरोप गेला, की घाई करू नका, जरा थांबा.

चार दिवस मी पडवीत बसले. खरं सांगायचं तर सुखाचे गेले. कुणी शिवायला येत नव्हतं, काही मागत नव्हतं. घरजावयाचं सगळं निवांत उरकता यायचं. ज्या कोपऱ्यात बायका कंटाळून जातात त्या कोपऱ्यात मी पाय पसरून झोपायची. चौथ्या दिवशी न्हाऊन आत आले, तर सासूनं माझ्या भाकरीवर तूप घातलं. लग्न होऊन आले तेव्हापासून तिनं आपल्या हातानं मला तूप वाढलेलं आठवत नाही.

आता पंचाईत अशी की पाळी महिन्यानं येते आणि हे रक्त त्याच्या मनाला येईल तेव्हा यायचं. न्हाऊन आठवडा झाला नाही तोच पुन्हा दिसलं. ते मी लपवलं. कापड चुलीच्या राखेनं घासून, म्हशीच्या दावणीमागं वाळत घातलं. पुढं महिना भरत आला, अमावास्या जवळ आली, सासू माझ्याकडं बघायला लागली, तर तेव्हा रक्त नाही. मग मीच म्हणाले, "आत्याबाई, मला बाजूला बसायचंय." कोरडी ठणठणीत, आणि बसले पडवीत चार दिवस. सासू लांबून पाणी ओतायची, भाकरी टाकायची, आणि जाताना काहीतरी पुटपुटायची. देवीला असणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय आहे ते मला तरी कुठं माहीत होतं?

सासूचं प्रेम मात्र वाढत चाललं, आणि ते पचवणं अवघड होऊन बसलं. तिनं मेथीचे लाडू केले, डिंक घालून. पहाटे उठून स्वतः मेथी दळली. पोरगा रजेवर येईल तोवर हिच्या अंगात ताकद आली पाहिजे, हा तिचा हिशेब. ते लाडू खाल्ले की घरजावई दिवसभर तांडव करायचा. तरी मी खायची. कोण कुणासाठी पहाटे उठून मेथी दळतं?

हे किती महिने चाललं असतं सांगता येत नाही. रक्त वाढत गेलं. आधी रेघ असायची, मग डाग, मग एक दिवस गाठीच पडल्या. त्याच संध्याकाळी म्हशीची धार काढताना मला घेरी आली. खांबाला धरून बसले. चरवी कलंडली आणि दूध शेणात गेलं. मी तशीच बसून राहिले आणि पहिल्यांदा नीट विचार केला. गप्प बसले तर घर माझं राहील आणि मी मरेन. मेले की ती खानापूरची पोरगी येणारच आहे. बोलले तर ती आत्ताच येईल. म्हणजे सवत काही टळत नव्हती. सवत टाळायला मरणं हा कुठला शहाणपणा? आणि खरं म्हणजे हा हिशेबही नंतरचा. मला भीती वाटत होती. मला जगायचं होतं. दोन पोरं पुरून, पोट फाडून घेऊन, सगळ्यांच्या नाकावर पदर बघूनही मला जगायचं होतं, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

सासू सांडलेलं दूध बघायला आली. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "आत्याबाई, ती अडचण न्हाई. ते खालच्या वाटेचं रक्त हाय. बंद केलेल्या वाटेचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या व्हत्या, रक्त आलं तर लगीच या."

"कवा म्हणाली व्हती?"

"मला घरी सोडलं त्या दिवशी."

म्हैस रेडकासाठी हंबरत होती. मला वाटलं आता ही मला उचलून आपटणार. ती म्हणाली, "आन् येवढं दिस तू बाजूला बसलीस?"

"तुमी बसवलंत."

"व्हय," ती म्हणाली. "मीच बसवलं." आणि थोडं थांबून, "येकदा तर कोरडीच बसलीस का काय?"

मी मान हलवली.

"पानी घालू घालू माझी कंबर मोडली," ती म्हणाली. चरवी उचलून न्हाणीकडं गेली. धुऊन आली आणि म्हणाली, "सांगलीची गाडी सकाळी कवा आस्ती?"

भावाला बोलवावं असं मी म्हणाले. तिनं ऐकलं नाही, स्वतःच आली. आयुष्यात ती पहिल्यांदा रेल्वेत बसली आणि सगळा रस्ता डोळे मिटून बसली. दवाखान्याच्या मागच्या अंगणात नातेवाईक तीन दगडांच्या चुली मांडून रांधायचे, सगळ्या जातीचे, सगळ्या धर्माचे, हाताहाताच्या अंतरावर. माझ्या सासूनं ते बघितलं, पदर खोचला, आणि एका कोपऱ्यात आपले तीन दगड मांडले. नेमाचं काय झालं हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं तिनं.

डॉक्टरीणबाई आधी मला रागावल्या. त्यांचा हक्क होता. मग दिवा लावलेली एक नळी खालून आत घालून त्यांनी बघितलं. त्याचं वर्णन करत नाही, ज्याच्यावर वेळ आली त्याला कळेल. चिमटीएवढा तुकडा काढून घेतला, दुर्बिणीखाली बघतो म्हणाल्या, तोवर इथंच राहा. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. आम्ही दोघी अंगणात लिंबाखाली बसायचो. सासू भाजी निवडायची. ती काय मागते आहे देवाजवळ, हे मी तिच्या तोंडावर शोधायची आणि मला काही सापडायचं नाही. सापडलं असतं तर सोसलं असतं की नाही, तेही माहीत नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. "रोग नाही," त्या म्हणाल्या. "आतड्याच्या त्या तुकड्यातून आता काही जात-येत नाही. कधी कधी असा रिकामा पडलेला भाग आतून सुजतो, हुळहुळा होतो, आणि रक्त येतं. पुन्हाही येईल. दर वर्षी दाखवायला या, पण यानं तुम्ही मरणार नाही."

सासूनं पदरानं तोंड पुसलं आणि सरळ विचारलं, "जगंल का?"

"जगेल."

"पोर हुईल का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "पाळी येईलही एखादे वेळी. पण हे पोट बाळंतपण झेलणार नाही. तिचा जीव धोक्यात घालू नका."

परतीच्या गाडीत सासूनं डोळे उघडे ठेवले होते. बाहेर बघत होती.

खानापूरचा पाहुणा बाजाराच्या दिवशी आपण होऊन आला. त्याच्या कानावर गेलं होतं की हिला पुन्हा रक्त लागलंय, पुन्हा दवाखान्यात नेली होती. ओसरीवर बसला, पाणी प्याला. मी आत, भिंतीच्या अलीकडं, जोंधळे पाखडत होते. सूप खाली ठेवलं. आवाज आला असता.

"लय वाईट झालं, आक्का," तो म्हणाला. तोंडदेखलं नव्हतं ते, भला माणूस होता. "म्हंजे आता काय फार दिवस न्हाईत म्हना."

सासूला बोलायचीही गरज नव्हती. नुसता सुस्कारा टाकला असता तरी पुरे होतं. पोरगी घरात आली असती. मग मी जगले काय आणि मेले काय, मंगळसूत्र बांधून आलेली पोर परत थोडीच जाते. गावात असं आधी झालेलंही होतं. मी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि माझ्या जिवाचं काय ठरायचं ते बाहेर ठरत होतं. वारस हवा म्हणून ती बाई दोन वर्षं झुरत होती. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी तेव्हाही छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं.

"न्हाई पाव्हनं," सासू म्हणाली. "ती जगती. डागदरनीनं माझ्या समोर सांगितलं. चांगली म्हातारी हुईल. खोटं बोलून कुनाची लेक आनायची न्हाई मला."

त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाला, "मग माझं आदीचंच हाय, आक्का. सवतीवर न्हाई."

"व्हय. ठावं हाय."

चहा घेऊन जा म्हणाली, तो थांबला नाही. पायताण घालायचा आवाज झाला. सासू आत आली आणि दारातच उभी राहिली. मी उठून उभी राहिले.

"ऐकलंस?"

"व्हय."

"डागदरीन जगंल म्हणाली तवा मला आनंद झाला," ती म्हणाली. "आन् त्याच घटकंला वाटलं, माझं घर बुडालं. दोन्ही एकदमच वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. "आत्याबाई, मलाबी तसंच वाटलं," मी म्हणाले. ते खरं होतं. जगणार म्हणून मला नाचावंसं वाटलं होतं, आणि त्या घरात आता पोर रांगणार नाही, तेही माझ्यामुळं, हे कळून पोटात तुटलं होतं. हे मी कुणाजवळ बोलू शकेन असं मला वाटलं नव्हतं, आणि तिच्याजवळ तर नाहीच.

आम्ही दोघी तिथंच उभ्या उभ्या रडलो. तिनं मला जवळ घेतलं नाही, मीही गेले नाही. पाहुणा अजून वेशीपर्यंतसुद्धा पोचला नसेल.

डोळे पुसून ती म्हणाली, "आता बाया इचारतील, पोराचं काय म्हनून. तू सांगत जा, मला हुयाचं न्हाई म्हनून. तूच सांग. माझ्या तोंडातनं ते निघायचं न्हाई."

तिच्या मरणापर्यंत ते मीच सांगत आले. ती शेजारी असली की उठून आत जायची, आणि माझं सांगून झालं की बाहेर यायची.